लिस्टरबाईंची रोजनिशी: सांकेतिक लिपी परवडली, साधं अक्षर आवरा

अ‍ॅन लिस्टर या १९व्या शतकातल्या इंग्रज बाईंची रोजनिशी मूळ हस्ताक्षरात वाचण्याला पाचपैकी साडेतीन तारे. शेवटचा अर्धा तारा नंतर वाढवलाय, का ते पुढे येईल.

आधी पैशाचं. ब्रिटिशांच्या जुन्या हस्तलिखित रोजनिश्या आणि प्रवासवह्या दाखवणारं एक परदेशी संस्थळ आहे, नाव घेत नाही. सुरुवातीला थोडे दिवस फुकट, मग वर्षाची वर्गणी, तीही पौंडात. पुढच्या वर्षीची वर्गणी मी वेळेत रद्द केली होती. रद्द झाल्याची त्यांचीच मेल माझ्याकडे होती. तरी पहाटे मोबाइल वाजला आणि कार्डावरून पूर्ण रक्कम गेली. वर बँकेचा परकीय चलनाचा आकार आणि त्या आकारावर जीएसटी. तक्रार केली तर उत्तर आलं की तुमचं समाधान आम्हाला मोलाचं वाटतं. मला समाधान नको होतं, पैसे हवे होते.

बरं, पैसे कशाचे? ‘कोणतंही जुनं हस्ताक्षर आपोआप वाचून देतो’ या सोयीचे. तिचा अनुभव असा की १७व्या-१८व्या शतकातला लांब एस, जो एफसारखा दिसतो, तो हे यंत्र इमानेइतबारे एफ म्हणूनच वाचतं. समासातली टीप उचलून वाक्याच्या मधोमध टाकतं. खाडाखोड केलेला शब्द दोनदा छापतं. आणि जिथे काहीच कळत नाही तिथे गप्प न बसता ऐटीत काहीतरी ठोकून देतं. हे शेवटचं मला सगळ्यात लागलं. मोडी वाचणारा माणूस अडला की जागा मोकळी सोडतो, प्रश्नचिन्ह घालतो. न कळणं ही लाज नाही, पण न कळून लिहिणं आहे.

मी या फंदात पडले ती हेन्री ऑक्झिंडेनमुळे. आपल्याकडे तो सगळ्यांना माहीत आहे: १६७४ साली मुंबईचा इंग्रज गव्हर्नर जेराल्ड ऑन्जियर याने रायगडावर पाठवलेला वकील, बरोबर नारायण शेणवी दुभाषा, नजराण्याला हिऱ्याची अंगठी, आणि दरवाजाशी उभे दोन हत्ती पाहून हे एवढ्या उंचावर चढवले कसे म्हणून चकित झालेला. राज्याभिषेकाच्या दिवसाचं सिंहासन, भाल्यांच्या टोकांवरची सोन्याची मत्स्यमुखं, न्यायाचा तराजू हे सगळं आपण त्याच्या नोंदींतून वाचत आलो. मला ते छापील वाचून पुरेना.

त्या काळच्या इंग्रजी वह्या उघडायच्या असतील तर एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा, कारण ती कोणत्याच फोटोखाली लिहिलेली नसते. १७५२ पर्यंत इंग्रज जुनी ज्युलियन दिनदर्शिका वापरत होते. त्यामुळे ऑक्झिंडेनचा ६ जून म्हणजे आजच्या हिशेबाने १६ जून. शिवाय त्यांचं अधिकृत वर्ष २५ मार्चला बदलायचं, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीतल्या नोंदींवर मागच्या वर्षाचा आकडा असू शकतो. ज्याने कधी जुन्या मराठी कागदांवरची ‘छ’ लावलेली हिजरी तारीख आणि सुहूर सन (तेव्हाची एक कालगणना) जंत्रीत धरून बसवलाय त्याला यात नवल नाही. बाकीच्यांनी मात्र दोन नोंदींत वर्षाचं अंतर आहे की आठवड्याचं, हे आधी तपासावं.

तर वर्गणीवर चिडून फुकट काय मिळतं ते शोधताना अ‍ॅन लिस्टर सापडली. वेस्ट यॉर्कशायरच्या अभिलेखागाराने तिच्या रोजनिश्यांचे फोटो खुले ठेवलेत. २०१९ मध्ये जगभरच्या स्वयंसेवकांनी त्या उतरवून काढायला घेतल्या, आणि तो उतारा फोटोबरोबर वाचता येतो. एक पैसा नाही, कार्ड मागत नाहीत. इथेच तीन तारे झाले.

बाई कोण ते ‘जंटलमन जॅक’ या मालिकेमुळे बहुतेकांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात: हॅलिफॅक्सजवळच्या शिबडेन हॉलची मालकीण, जन्म १७९१, मृत्यू १८४०. जमीन, कोळशाच्या खाणी, भाडेकरू, स्त्रियांवरची प्रेमं, आणि पायाला भिंगरी असावी असा प्रवास. १८०६ पासून मरेपर्यंत रोजनिशी, सगळी मिळून साधारण ५० लाख शब्द. १७व्या शतकातल्या लंडनच्या सॅम्युएल पीप्सच्या प्रसिद्ध रोजनिशीची चौपट म्हणा. यातला अंदाजे सहावा हिस्सा तिने स्वतः बेतलेल्या सांकेतिक लिपीत लिहिलाय, ग्रीक अक्षरं, आकडे आणि गणिती चिन्हं मिसळून. प्रेमप्रकरणं त्यात आहेत, तसेच कपडे, दुखणी, पैशाची चणचण आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांबद्दलची कुरकुरही.

जिथे तिथे या सांकेतिक लिपीचंच कौतुक वाचलं होतं, त्यामुळे मी धास्तावले होते. प्रत्यक्षात ती या वह्यांमधली सगळ्यात सोपी गोष्ट आहे. स्वर म्हणजे आकडे: ए-ई-आय-ओ-यू ला ओळीने २ ते ६. वायला ७. बाकीची चिन्हं एका कागदाच्या तुकड्यावर मावतात. शब्दांत जागा सोडलेली नाही, विरामचिन्हं नाहीत, हे ऐकून लोक घाबरतात. मोडी शिकलेल्याने का घाबरावं? आपल्याकडे आधी आडवी रेघ मारून मग तिच्याखाली एका दमात अक्षरं टाकायची रीत, शब्द कुठे तुटतो ते वाचणाऱ्याने बघायचं, ऱ्हस्व-दीर्घ तर नाहीच. लिस्टरबाईंचं प्रत्येक चिन्ह सुटं, ठसठशीत, दरवेळी त्याच वळणाचं. दुसऱ्याच आठवड्यात मी तक्त्याशिवाय अडखळत का होईना वाचायला लागले.

ही किल्ली सापडली त्याची गोष्टही छान आहे. बाई गेल्यानंतर अर्धशतकाने, १८९०च्या दशकात, घराण्यातले जॉन लिस्टर आणि त्यांचे मित्र आर्थर बरेल वह्या घेऊन बसले. एच आणि ई ही दोन अक्षरं कोणती असावीत याचा बरेलना अंदाज आला होता. मग एका कागदाच्या कपट्यावर ‘माझी आशा देवावर’ अशा अर्थाची ओळ मिळाली, तिच्यातला ‘आशा’ एवढाच शब्द सांकेतिक लिपीत. इंग्रजीत तो चार अक्षरी, त्यातली एच आणि ई जुळली, ओ आणि पी हाती लागले, आणि रात्री दोन वाजेपर्यंत उरलेली लिपी सुटली. आत काय लिहिलंय ते कळल्यावर बरेलनी सल्ला दिला की जाळून टाका. जॉन लिस्टरनी जाळल्या नाहीत, घरातल्या भिंतीच्या लाकडी फळ्यांमागे ठेवून दिल्या. १९३३ मध्ये ते वारले. वह्या वाचल्या, आणि २०११ मध्ये युनेस्कोच्या ब्रिटनपुरत्या स्मृती-नोंदवहीत गेल्या.

याच्या शेजारी पीप्सचं उदाहरण ठेवा. त्याची १६६० ते १६६९ ची रोजनिशी शेल्टनच्या लघुलिपीत. १८१९ मध्ये केंब्रिजच्या जॉन स्मिथ नावाच्या गरीब विद्यार्थ्याला ती उतरवायचं काम दिलं. तीन वर्षं बिचारा एकेक चिन्ह फोडत बसला. त्या लघुलिपीचं पुस्तक पीप्सच्याच ग्रंथसंग्रहात होतं, रोजनिशी होती त्याच कॉलेजात. कोणी सांगितलं नाही. हे वाचून मला त्या संस्थळाची तक्रार-खिडकी आठवली.

आता मूळ दुखण्याकडे येते. बाईंचं साधं अक्षर.

सांकेतिक लिपी लिहिताना ज्या बाई एवढ्या नेटक्या, त्या साध्या इंग्रजीवर आल्या की अंगात वारं भरल्यासारख्या सुटतात. बारीक अक्षर, दाट ओळी, आणि जवळजवळ प्रत्येक शब्दाची काटछाट. ‘अबाउट’चे नुसते ए, बी, टी. ‘शुड’चे एस, एच, डी. ‘व्हेरी’चे व्ही आणि वाय. एवढ्यावर भागलं असतं, पण माणसांची नावंही आद्याक्षरांवर. एम म्हणजे कोण हे नोंद कुठल्या वर्षातली आहे, बाई कुठे आहेत आणि रागात आहेत की प्रेमात, यावर ठरवायचं. आपल्या जुन्या कागदांत रा॥ (राजश्री) आणि मु॥ (मुक्काम) असतात, पण ते ठरलेल्या जागी येतात. पत्राचा मायना सुरू झाला की हात आपोआप पुढचं ओळखतो. इथे मायना नाही.

यावर माझे किती तास गेले ते घरच्यांना विचारा. एका पानावर तर एक शब्द मी दुपारपासून बघत होते, ‘गिग’ म्हणजे छोटी घोडागाडी की ‘जिग’ म्हणजे नाच. पुढच्या ओळीत चाकाची दुरुस्ती निघाली. या एका कारणासाठी मी चौथा तारा अडवलाय आणि तो पूर्ण देणार नाही. लोक म्हणतील, स्वयंसेवकांचा उतारा आहे ना बाजूला! आहे. पण उतारा वाचायचा तर छापील पुस्तकं आहेतच की, फोटो कशाला उघडायचा? आधी फोटो, मग आपलं वाचन, शेवटी त्यांच्याशी पडताळा, हा माझा नियम आहे. सुरुवातीला मी त्यांच्या उताऱ्याकडेही संशयाने बघत होते, यंत्राने तोंड पोळलं होतं ना. आता नाही. जिथे वाचता आलं नाही तिथे ते तसं कबूल करतात. हाच फरक.

दुसरी तक्रार करणार होते थर्मामीटरची. बाई रोज लिहिणार: हवामान, आणि फॅरनहाइटमध्ये तापमान. किती वाजता उठले, नाश्ता किती ते किती, कोणाशी किती मिनिटं बोलले. सुरुवातीला मी हे ओलांडून पुढे जायचे. नंतर लक्षात आलं की अडलेल्या पानावर पहिला आधार याच भागाचा. त्यातली सगळी अक्षरं ठरलेली, त्यामुळे त्या दिवशी बाईंचा एस कसा पडलाय आणि टी कसा, ते तिथे कळतं, मग खालचा मजकूर सुटतो. तेव्हा ती तक्रार मागे. शिवाय यॉर्कशायरच्या जूनमध्ये पारा पन्नाशीत, म्हणजे आपले दहा-बारा अंश, हे मे महिन्यात पंख्याखाली वाचायला बरं वाटतं.

आता तो अर्धा तारा. १८३८ च्या उन्हाळ्यात बाई पिरेनीज पर्वतात होत्या. ७ ऑगस्टला त्यांनी विन्यमाल हे ३,२९८ मीटरचं शिखर गाठलं, फ्रेंच पिरेनीजमधलं सगळ्यात उंच. वर नावांची चिठ्ठी बाटलीत घालून ठेवली. चारच दिवसांनी त्यांचा वाटाड्या अ‍ॅन्री काझो एका फ्रेंच सरदाराला, प्रिन्स द ला मॉस्कोवाला, त्याच वाटेने घेऊन गेला आणि त्याला सांगितलं की ती इंग्रज बाई शिखरापर्यंत पोचलीच नाही, पहिले तुम्हीच. सरदार खूश. बाईंच्या कानावर आलं. त्यांनी आरडाओरडा केला नाही. वकील गाठला आणि काझोकडून लेखी सही घेतली की होय, बाई शिखरावर पोचल्या होत्या.

हे वाचलं त्याच आठवड्यात मी संस्थळाला शेवटची मेल लिहिली. समाधान वगैरे विषय काढले नाहीत. त्यांच्याच रद्द झाल्याच्या मेलची प्रत, तारीख, वेळ, पैसे कापल्याची तारीख, वेळ, आणि ‘यापैकी कोणती गोष्ट खोटी आहे ते लेखी कळवा’ एवढंच. पैसे परत आले. विनिमय दराचा फरक आणि बँकेचा आकार मात्र माझ्या माथी. अर्धा तारा विन्यमालचा.

कोणी सुरू करणार असेल तर १८०६ च्या नोंदी सोडा, त्या पोरवयातल्या, त्रोटक आहेत. १८१७च्या सुमाराची वही घ्या, तिथे रोजचा मजकूर भरतो आणि सांकेतिक लिपीही भरपूर, म्हणजे हात लवकर बसतो. पिरेनीज नंतर. सगळ्यात शेवटी १८४० ची वही: गोठलेल्या व्होल्गाच्या काठाने खाली, मग कॉकेशस, तिबिलिसी, बाकू. शेवटची नोंद ११ ऑगस्टची. २२ सप्टेंबरला जॉर्जियातल्या कुटाइसीजवळ तापाने बाई गेल्या, आणि त्यांची जोडीदारीण अ‍ॅन वॉकर त्यांचा देह घेऊन हॅलिफॅक्सपर्यंत आली. पुढच्या वर्षी २९ एप्रिलला दफन. या वॉकरबाईंची स्वतःची एक छोटी रोजनिशी २०२० मध्ये कागदांच्या ढिगात ओळखू आली, १८३४-३५ ची. ती पुढची.

पडद्यावर वाचून डोळे दुखत असतील तर छापून घ्या, पण झेरॉक्सवाल्याला काळं-पांढरं करू देऊ नका. त्या काळची शाई लोहाची, माजूफळाची. ती कागदात मुरते, तपकिरी होते आणि मागच्या पानावरचं लिखाण पुढे उमटतं. काळ्या-पांढऱ्यात दोन्ही बाजू एक होतात आणि मग बाईंच्या ए, बी, टीच्या जोडीला उलटे ए, बी, टी. करड्या छटेत, आडव्या ए-थ्रीवर, पानाच्या अर्ध्या-अर्ध्या भागाचे दोन छाप घ्या. आमच्या कोपऱ्यावरचा पानाला दहा रुपये सांगतो, पंधरा-वीस पानं एकदम दिली की सातवर येतो.