उंदरासाठी कॉलिमेटर: उद्यमनगरातलं पितळ की टेबलावरचा प्रिंटर?

कॉलिमेटर म्हणजे मधे खिडकी असलेला जाड तुकडा: किरण खिडकीतून जातात, बाकीचे अडतात. तो कशाचा करायचा, हा प्रश्न आमच्याकडे आला तो डाव्या फुप्फुसापायी. उंदराचं डावं फुप्फुस एकसंध असतं, उजव्याचे चार खंड. एका बाजूला किरणांचा डोस द्यायचा आणि दुसरी तुलनेला राखायची, तर डावी बाजू सोयीची. पण तो आकार ना गोल ना चौकोनी, आणि वीस-पंचवीस ग्रॅमच्या त्या जिवात हृदय अगदी चिकटून. 225 किलोव्होल्टच्या एक्स-रे मशीनबरोबर आलेले ठरावीक कॉलिमेटर तिथे कामाचे नव्हते.

मग दोन वाटा उरल्या. पितळेत वायरकटनं, म्हणजे विजेच्या बारीक तारेनं धातू कापणाऱ्या मशीनवर, खिडकी कापून घ्यायची, नाहीतर थ्रीडी प्रिंटरवर प्लास्टिकचं पोकळ कवच छापून त्यात टंगस्टनची पूड भरायची. मी दोन्ही केलं आहे.

कोल्हापुरात राहून पितळेला नावं ठेवणं म्हणजे तालमीत उभं राहून लाल मातीला नावं ठेवण्यासारखं. वायरकटची कड अशी सरळ येते की किरणांनी गडद होणाऱ्या फिल्मवर क्षेत्राची रेघ ब्लेडनं ओढल्यासारखी दिसते. तुकडा पडला तरी काही होत नाही, दहा वर्षांनी काढला तरी माप तेच.

माझं घोडं अडलं ते ‘सेटिंग’पाशी, म्हणजे कामाआधी मशीन जुळवून घेण्यापाशी. उद्यमनगरात, आमच्या इथल्या कारखान्यांच्या भागात, पहिल्यांदा ड्रॉइंग घेऊन गेलो तेव्हा मिस्त्रींनी कागद उलटासुलटा करून विचारलं, ‘‘सर, नग किती?’’ एक म्हटल्यावर ते नुसते हसले. मागं पंप आणि गाड्यांच्या सुट्या भागांचे ढीग लागलेले, शेकड्यांनी. ‘‘एका नगासाठी सेटिंग कोण लावणार? ठेवा हितं, सवडीनं बघू.’’ त्यांचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. सवड बारा दिवसांनी मिळाली, काम देखणं झालं. पण तोवर उंदरांचे सीटी झाले होते आणि खिडकी दीड मिलिमीटर सरकवायची ठरली होती. पुन्हा ड्रॉइंग, पुन्हा ‘ठेवा हितं’. तिसऱ्या खेपेला मी चहा पिऊन तसाच परत आलो. उंदरातली गाठ काही आपल्या सवडीनं वाढत नाही.

प्रिंटरवर हाच बदल रात्री केला आणि सकाळी तुकडा हातात होता. म्हणून सगळं सरळ झालं असं मात्र नाही. आधी मी शहाणपणानं कवचात सेरोबेंड ओतलं. तो मिश्रधातू 70 अंशांना वितळतो, आणि पीएलए, म्हणजे कवचाचं प्लास्टिक, साठीच्या आसपासच मऊ पडायला लागतं. खिडकीचं पार भजं झालं. शिवाय त्यात शिसं आणि कॅडमियम, म्हणजे तो वेगळाच ताप.

पूड बरी. टंगस्टनची घनता 19.3, भरलेल्या पुडीत निम्मी जागा हवेची धरली तरी साडेनऊच्या पुढं जाते, पितळ साडेआठच्या आसपास. वर टंगस्टनचा अणुक्रमांक 74, त्यामुळे या ऊर्जेला ते पितळेपेक्षा कितीतरी जास्त अडवतं. मास्क लावून, धान्याचं माप ठोकून भरतात तशी ठोकत भरायची. पहिल्यांदा मी कमी ठोकली. तुकडा आडवा बसवल्यावर पूड खाली बसली आणि फिल्मवर खिडकीबाहेर गडद चंद्रकोर उमटली. तेव्हापासून प्रत्येक तुकडा उंदराआधी फिल्मवर तपासतो.

आणखी एक गोष्ट मला उशिरा कळली. खिडकीभोवतीची प्लास्टिकची भिंत किरणांना जवळपास दिसतच नाही. ती 0.8 मिलिमीटरची असेल, तर 10 मिलिमीटरची छापलेली खिडकी किरणांच्या झोताला 11.6 ची वाटते. तेवढी ड्रॉइंगमध्येच आत घ्यावी लागते. दोन मिलिमीटरच्या क्षेत्रात हे गणितच बसत नाही. तिथं गुमान पितळ घ्यावं.

टंगस्टन मिसळलेलं फिलामेंट, म्हणजे प्रिंटरला लागणारी प्लास्टिकची तार, तीही मिळते. ते पितळी नोझल खरवडून खातं, म्हणून कडक स्टीलचं लागतं, आणि रेघांमधल्या फटींची धास्ती राहतेच. माझं मन त्यात रमलं नाही. आपल्या पावसाळ्यात साधं रीळसुद्धा ओल धरतं आणि नोझलमधून तडतडतं. ते हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवतो.

वर्षानुवर्षं एकच गोल क्षेत्र वापरणार असाल, तर मी प्रिंटरचा आग्रह धरणार नाही. पण आकार दर पंधरवड्याला बदलत असेल, तर निदान माझ्या अनुभवात प्रिंटरला तोड नाही. उंदराचा पाळणा आणि कॉलिमेटरची बैठक एकाच ड्रॉइंगमधून निघते, त्यामुळे दुसरा उंदीर पहिल्याच्याच जागी निजतो. पितळेच्या वेळी ही जुळवाजुळव मी चिकटपट्टीवर भागवत होतो.

लहान गोल भोकांसाठी मिस्त्रींकडे जाणं सुरूच आहे. गेल्या खेपेला छापलेला तुकडा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो नखानं खरवडला, हातावर तोलला आणि म्हणाले, ‘‘प्लास्टिक म्हणताय, मग एवढं जड कशानं?’’