दोरूच्या खोऱ्यात: रेल्वेने की गाडीने?

मावसबहिणीचा पोर्तुगालमधल्या पोर्तोहून फोन: "पिन्याओला ट्रेनने जाऊ की गाडी भाड्याने घेऊ?" पिन्याओ म्हणजे दोरू नदीकाठचं वाइनचं गाव. दोघं आहेत, हाताशी दोन दिवस.

खर्चात रेल्वे सरळ जिंकते. गाडीचं भाडं, पेट्रोल, ए-४ महामार्गाचा टोल; दोघांत हे परवडत नाही. चौघं असाल तर वेगळं.

वेळ? गाडीने दोन तासांच्या आत, ट्रेनने अडीच. पण ट्रेनचा उत्तरार्ध नदीला खेटून जातो, तेव्हा जाताना उजवीकडची खिडकी पकडा. पिन्याओ स्टेशनवर द्राक्षतोडणीची चित्रं असलेल्या निळ्या फरशा आहेत, त्यांच्यासाठी दहा मिनिटं राखा. गाडीवाल्यांना मात्र रेग्वा गाव ते पिन्याओ हा एन-२२२ रस्ता मिळतो, २७ किलोमीटर, नदीकाठाने.

खरी मेख वाइन पिण्याची. रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा लिटरला ०.५ ग्रॅम, नव्या चालकाला ०.२. म्हणजे एकाने नुसता वास घ्यायचा! त्यात रस्ते वळणांचे, आणि आपल्याला उजवीकडून चालवायची सवय नाही.

पण रेल्वेची अडचणही खरी आहे. बहुतेक किंता, म्हणजे द्राक्षमळे, डोंगरउतारावर आहेत. किंता दो बोंफिं स्टेशनपासून चालत जाण्याजोगं. दूरच्या मळ्यांसाठी टॅक्सी आधीच ठरवावी लागते. पिन्याओच्या वरच्या कासाल द लोइव्हुश गावातून दिसणारं नदीचं वळणही चढणीवर.

दोघं आणि वाइनसाठीच जाणार असाल तर ट्रेन, रात्री मुक्काम पिन्याओलाच. बरोबर मुलं, म्हातारी माणसं किंवा न पिणारा एखादा हौशी चालक असेल तर गाडी. इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट मात्र भारतातूनच काढून न्या.