लेबर कन्सल्टंटची 'फुल अँड फायनल' सर्व्हिस: हिशोबात चोख, बाकी जेमतेम

आमचं पेठेत स्टेशनरी आणि प्रिंटिंगचं दुकान आहे, धायरीला एक छोटं गोडाऊन, माणसं दहाच्या वर पण वीसच्या खाली. म्हणजे ईएसआयसी (कामगारांचा आरोग्य विमा) आणि ग्रॅच्युइटी (बरीच वर्षं काम करून सोडताना मिळणारी रक्कम) लागू, पीएफ नाही. एवढ्याशा धंद्यात एचआर वगैरे कोण ठेवतंय, माणूस सोडून चालला की मालकच हिशोब करतो, मालकच चाव्या मागतो, आणि बिनसतं ते तिथेच. म्हणून ह्या वर्षी एका लेबर कन्सल्टंटकडे हे काम, म्हणजे सोडून जाणाऱ्या माणसाचा शेवटचा 'फुल अँड फायनल' हिशोब, दिलं. नाव टाकत नाहीये कारण खाली तक्रारी पण आहेत, पण अशी सर्व्हिस घ्यावी का नाही हे बघणाऱ्यांना उपयोग होईल.

आधी चांगलं सांगते. संक्रांतीनंतर आमचे काउंटरवरचे काका गावी जायचं म्हणून सोडून गेले, नऊ वर्षं होते. शटरच्या दोन्ही कुलपांच्या, गल्ल्याच्या आणि मीटर रूमच्या चाव्या त्यांच्याकडे. शेवटच्या दिवशी जुडगा दिला त्यात शटरची एक चावी नाही. "ताई, घरी राहिली बहुतेक, भाच्याकडे देतो पाठवून." झालं, आमचे सासरे लगेच म्हणाले चावी आल्याशिवाय एक रुपया सोडायचा नाही. त्यांच्या काळात असंच चालायचं, पगार अडकवला की माणूस धावत यायचा.

मी कन्सल्टंटना फोन केला तर ते एका वाक्यात म्हणाले, मॅडम, चावीचा विषय वेगळा, पगाराचा वेगळा, दोन्ही एका कागदावर आणू नका. मग त्यांनी जे समजावलं त्यासाठी मी त्यांना पूर्ण मार्क देईन. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवीन लेबर कोड (कामगार कायदे) लागू झालेत, त्यातल्या वेतन संहितेत माणूस सोडून गेला की त्याचा राहिलेला पगार दोन कामाच्या दिवसांत द्यायचा असं आहे. १९३६ च्या जुन्या कायद्यात ही दोन दिवसांची अट मालकाने काढून टाकलं तरच होती, आता स्वतः राजीनामा दिला तरी तेच. पुढच्या महिन्याच्या सात तारखेला सगळ्यांबरोबर देऊ हे आपलं ठरलेलं उत्तर आता चालत नाही. काकांचा शेवटचा दिवस शनिवार, रविवारी दुकान बंद, म्हणजे मंगळवार संध्याकाळपर्यंत पैसे खात्यात. त्यांनी सोमवारी दुपारीच शीट पाठवली, त्यात केलेले दिवस, शिल्लक रजेचे पैसे, दिवाळीत दिलेल्या उचलीची बाकी वजा, सगळं वेगवेगळ्या ओळीत.

आणि चावीचे पैसे कापता येतात का, तर येतात, पण मनाला येईल तेवढे नाही. वस्तू त्या माणसाच्या ताब्यात दिलेली होती हे दाखवता आलं पाहिजे, त्याच्या हलगर्जीपणामुळे गेली असली पाहिजे, कापायच्या आधी त्याला त्याचं म्हणणं मांडायची संधी द्यायची आणि झालेल्या नुकसानापेक्षा एक रुपया जास्त घ्यायचा नाही. म्हणजे कुलूप हजाराच्या आसपासचं असेल तर विषय हजाराचा, त्यासाठी अख्खा महिना अडकवून ठेवायचा म्हणजे उद्या लेबर ऑफिसमध्ये आपणच उभे. सासरे गप्प बसले नाहीत पण निदान चेक बुकवरचा हात काढला.

ग्रॅच्युइटीचा भाग तर मला खरंच माहीत नव्हता. हे पैसे वेगळे, त्याला तीस दिवसांची मुदत असते. काकांना महिना २६,००० मिळायचे, त्यातलं बेसिक आम्ही १०,४०० दाखवत होतो आणि बाकी सगळे भत्ते, आमच्या लाईनीत बहुतेक जण असंच करतात. वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, महिना २६ दिवसांचा धरून. जुन्या पद्धतीने १०,४०० गुणिले १५ भागिले २६, म्हणजे वर्षाला ६,००० आणि नऊ वर्षांचे ५४,०००. पण आता वेतनाची व्याख्या बदललीये, वेतनातून वगळलेले भत्ते एकूण पगाराच्या निम्म्यापेक्षा जास्त झाले की वरचा भाग वेतनातच धरायचा. म्हणजे १३,००० वर हिशोब, वर्षाला ७,५०० आणि एकूण ६७,५००. साडेतेरा हजारांचा फरक. खिशाला लागलं, नाही म्हणत नाही, पण नऊ वर्षं सकाळी साडेआठला शटर वर करणाऱ्या माणसाचे ते पैसे होते आणि आपणहून सांगणारा कन्सल्टंट मिळणं सोपं नाही, बरेचसे मालकाला खूश करणारा आकडा काढून देतात.

चावीसाठी त्यांच्याकडे एक रजिस्टरचा नमुना आहे तो पण कामाचा. कोणती चावी, कोणाला, कधी दिली, सही, परत कधी, सही. एवढंच. पण त्यात खाली अजून एक भाग आहे ज्याला ते 'न दिसणाऱ्या चाव्या' म्हणतात आणि तो वाचून मला घाम फुटला. सीसीटीव्हीचं ॲप काकांच्या फोनमध्ये चालू, दुकानाचं व्हॉट्सॲप गेल्या वर्षी सोडून गेलेल्या डिझायनर पोराच्या लॅपटॉपवर अजून लिंक, आणि कहर म्हणजे जीएसटी पोर्टलचा ओटीपी आमच्या जुन्या अकाउंटंट ताईंच्या नंबरवर जातोय. त्या बिचाऱ्या अजून फोन करून ओटीपी सांगतात म्हणून चाललंय.

आता तक्रारी. पहिली म्हणजे सगळे फॉर्म इंग्रजीत. पैसे मिळाल्याच्या पावतीत एक ओळ होती की माझं आता काहीच येणं बाकी नाही, आणि त्यांचा ऑफिसबॉय ती सही पैसे जायच्या आधीच मागत होता. आमच्या काकांनी चष्मा लावून कागद दोनदा उलटासुलटा केला आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं काका थांबा, आधी बँकेचा मेसेज येऊ दे, मग मी मराठीत लिहून देते, वाचून सही करा. शिवाय त्या ओळीत ग्रॅच्युइटी पण आत आली असती, जी तोपर्यंत दिलेलीच नव्हती. कायदा इतका नीट समजावणाऱ्या माणसाच्या ऑफिसात हा कागद कसा चालतो देव जाणे.

दुसरी, त्यांचं ॲप. हजेरी त्यात भरा म्हणतात, आमच्या गोडाऊनला रेंज नाही, पोरं दोन दिवस भरतात आणि सोडतात, शेवटी मस्टरचा फोटोच पाठवतो. तिसरी, ईएसआयसी. पॅकिंगचा एक पोरगा त्याच सुमारास सोडून गेला, तो ईएसआयसीत होता, तो गेल्यानंतरच्या, शून्य दिवसांच्या महिन्याचं काँट्रिब्युशन भरताना नोकरी सोडल्याचं कारण आणि शेवटची तारीख टाकायची असते ती ह्यांनी टाकलीच नाही, मी विचारल्यावर पुढच्या महिन्यात करू म्हणाले. दर महिन्याला पैसे घेता ना मग आठवण मी का करायची.

चावीचं पुढे काय झालं विचाराल तर भाच्याने दिली आणून, पैसे जमा झाल्यावर चार-पाच दिवसांनी. तरी आम्ही शटरची दोन्ही कुलपं बदलली. काकांवर संशय नाही, पण इतक्या वर्षांत त्या चावीच्या किती डुप्लिकेट झाल्या असतील कोणाला माहीत, फुटपाथवरचा चावीवाला कोऱ्या चावीवर कानस मारून चहा संपायच्या आत करून देतो. हा सल्ला कन्सल्टंटचा नाही, कोपऱ्यावरच्या चावीवाल्याचाच, फुकट दिला. तो म्हणाला सगळी कुलपं बदलू नका ताई, पैसे वाया जातील, रस्त्याकडून उघडणारी तेवढी बदला, गल्ल्याला काही नाही केलं तरी चालेल, रात्री त्यात असतं काय.

पाचपैकी साडेतीन. त्यातले तीन फक्त हिशोबाला. वर्षाचं पॅकेज गळ्यात मारतील ते घेऊ नका, माणूस सोडून जाईल तेव्हा केसप्रमाणे फी द्या, आणि पावती मराठीत पाहिजे हे पहिल्याच फोनवर सांगा, टाळाटाळ करतात पण देतात. शनिवारी दुपारनंतर फोन उचलत नाहीत, तेव्हा माणसाचा शेवटचा दिवस शनिवार असेल तर शुक्रवारीच मस्टर पाठवून ठेवा.