जुनी फुलदाणी घ्यायचीय: चांदीची, चिनी मातीची की बिदरीची?

जुन्या फुलदाणीत आपण नक्की कशाचे पैसे देतो, हे आधी ठरवा. चांदीत वजनाचे, चिनी मातीत अखंडपणाचे आणि बिदरीसारख्या, म्हणजे चांदीची नक्षी जडवलेल्या काळ्या मिश्र धातूत कारागिराच्या हाताचे. हे तीन हिशेब एकमेकांत मिसळले की घेणारा फसतो.

नाशिककर सहसा आधी चांदीकडे वळतो. ते स्वाभाविक आहे. आपल्याकडची चांदीची भांडी नावाजलेली, सराफ पिढ्यांच्या ओळखीचा, टंच, म्हणजे चांदीची शुद्धता, काढून मिळतो आणि अडीनडीला वस्तू मोडताही येते. हा आधार बाकी दोघींना नाही. पण फुलदाणीचं वजन फसवं असतं. ब्रिटिश काळातल्या कितीतरी फुलदाण्यांचं बूड पोकळ असतं आणि ती कलंडू नये म्हणून आत राळ किंवा प्लास्टर भरलेलं असतं. वर चांदीचा नुसता पातळ पत्रा. काट्यावर अर्धा किलो भरली तरी निव्वळ चांदी निम्मीसुद्धा नसेल. उलटी करून पाहा. तळाला कापड किंवा पत्र्याची चकती चिकटवलेली असेल, नखाने टिचकी मारल्यावर वरचा भाग वाजतो आणि बूड मुकं राहतं, तर आत भर आहे असं समजा. ‘भर वजा जाता चांदी किती?’ हे सराफ बाजारात मोकळेपणी विचारावं, त्यात कुणाला वाईट वाटायचं कारण नाही.

मग भिंग मागून घ्या आणि छाप वाचा. इंग्लंडमधल्या वस्तूवर पाऊल उचललेला सिंह असेल तर चांदी ९२.५ टक्के. बिबट्याचं तोंड म्हणजे लंडन, जहाजाचा नांगर म्हणजे बर्मिंगहॅम, आणि शेजारचं एकटं अक्षर वर्ष सांगतं. ‘ई.पी.एन.एस.’ दिसलं तर तो निकेल सिल्व्हरवर विजेने चढवलेला चांदीचा नुसता मुलामा. बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन यांनी १८४० मध्ये विजेच्या मुलाम्याचं पेटंट घेतलं आणि पुढे अशा वस्तूंचा सुळसुळाट झाला. जर्मन सिल्व्हरमध्ये तर चांदी औषधालाही नसते. ते तांबं, निकेल आणि जस्त यांचं मिश्रण. जुन्या भारतीय कामावर बहुतेक वेळा छापच नसतो. भुजचे चांदीचे कारागीर उमरशी मावजी यांच्या कामावर ‘ओ.एम. भुज’ असा ठसा सापडतो, पण अशी वस्तू हाती लागणं नशिबाची गोष्ट.

इथे एक कळकळीची विनंती. चांदीचा भाव चढला की उठावाचं जुनं काम सरळ मुशीत जातं. आतून ठोकून उठवलेली वेल आणि तिच्या पानापानांवरच्या शिरा घडवायला कारागिराला कित्येक दिवस लागले असतील; वितळायला काही मिनिटं पुरतात. अशी फुलदाणी घरात असेल तर मोडीत घालण्याआधी कुणा जाणकाराला दाखवा. वजनापेक्षा ती जास्त मोलाची ठरू शकते.

चिनी मातीचं गणित उलटं आहे. तिला मोडीचा भाव नाही. काठाचा टवका उडाला किंवा केसासारखी चीर गेली की किंमत धाडकन खाली येते. म्हणून आधी बोटाच्या पेराने हलकेच वाजवा. धड असेल तर स्वच्छ आणि लांबणारा नाद येतो, तडा असेल तर भद्द आवाज येतो. मग आत टॉर्च धरा. पातळ पोर्सेलीनमधून उजेड झिरपतो आणि चीरही उठून दिसते. जोडकाम ओळखायला अतिनील टॉर्च चांगला. नवा रंग आणि डिंक त्यात वेगळे चमकतात. बुडाला भोक असेल तर ती कधीतरी दिव्याची बैठक झालेली आहे, आणि भाव त्या मानानेच द्यायचा.

तळाच्या खुणेवर मात्र आंधळा विश्वास नको. चिनी कारागीर आधीच्या बादशहांच्या नावाची मुद्रा आदराने नव्या भांड्यावर घालत, त्यामुळे मुद्रेतला काळ आणि भांड्याचा काळ एकच असेल असं नाही. अमेरिकेच्या कायद्यामुळे १८९१ पासून तिकडे जाणाऱ्या मालावर देशाचं नाव येऊ लागलं. जपानी मालावर १९२१ पर्यंत ‘निप्पॉन’, नंतर ‘जपान’. एवढ्यावरून काळाचा अंदाज बांधता येतो. ‘देवळालीच्या पारशी बंगल्यातली आहे’ असंही ऐकायला मिळेल. पारशी व्यापाऱ्यांचा चीनशी मोठा व्यापार होता, देवळालीत त्यांचे जुने बंगले आहेत, त्यामुळे हे अशक्य मुळीच नाही. पण जुनी पावती किंवा फोटो नसेल तर त्या गोष्टीचे वेगळे पैसे देऊ नका.

माझा जीव आहे तो बिदरीवर. मूळ धातू जस्त, त्यात थोडं तांबं. ओतून, घासून गुळगुळीत करायचं, नक्षी कोरायची, त्या खाचांत चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवायचा. शेवटी बिदरच्या किल्ल्यातली माती आणि नवसागर यांचा लेप द्यायचा. धातू काळाकुट्ट होतो आणि चांदी पांढरीच राहते. चांगल्या कामावरून बोट फिरवा, तार कुठे संपली आणि धातू कुठे सुरू झाला ते हाताला कळत नाही. भिंगाखाली रेघेची कड धारदार दिसली पाहिजे. रंगवलेल्या नकलेत ती पसरट असते, आणि वस्तू हातात हलकी लागते. कुठे तार निखळली असेल तर रिकामी खाच दिसते. एखाद-दुसरी खाच चालेल; मुख्य फुलातच असेल तर सोडून द्या.

जपानी मिश्र धातूच्या फुलदाण्याही याच पंगतीत बसतात. १८७६ मध्ये तिथे तलवार बाळगायला बंदी आली आणि तलवारीची सजावट करणारे हात फुलदाण्यांकडे वळले. तांबं-पितळेच्या गंगाजमनी वस्तू त्या मानाने स्वस्त, आणि पोचा आला तर आपला तांबट तो काढूनही देतो. बिदरीचं तसं नाही.

आता वापर. मोगल काळात गुलशनाबाद, म्हणजे फुलबागेचं गाव, म्हणवलेल्या आपल्या नाशकात फुलदाणी रिकामी का ठेवायची? पण रोज गुलाब, निशिगंध ठेवायचे असतील तर धड चिनी मातीचीच घ्या. चांदीत पाणी ठेवायचं तर आत काचेचा पेला बसवा. बिदरीत पाणी नकोच, आणि चिंच-लिंबू तर बिलकूल नको, काळा रंग उतरतो. कोरडं कापड आणि क्वचित तेलाचं बोट पुरतं. चांदी पावसाळ्यात काळवंडते, ती सुती कापडात गुंडाळा, रबरबँड आणि लोकर लांब ठेवा. दिवाळीत रांगोळीने घासायची सवय नकाशीच्या मुळावर येते.

लहान मुलं असलेल्या घरात चिनी माती नको. पैसा अडकून राहू नये असं वाटत असेल तर चांदी. एकच वस्तू घ्यायची, कपाटात डोळ्यांसमोर ठेवायची आणि पाण्याची गरज नसेल, तर मी बिदरी घेईन.

परदेशातल्या मुलाला किंवा मुलीला भेट पाठवायचा विचार असेल तर खरेदीआधीच थांबा. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी वस्तू खासगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाही. वस्तू त्याहून नवी असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावशेष नसल्याचा दाखला मिळवता येतो. तो हातात आल्यावरच पार्सल बांधा.