औद्योगिक न्यायालयातील ‘पल्प’ तक्रार : एका रोजंदारी कामगाराचा अनुभव

एका महानगरपालिकेच्या पाणीपुरवठा विभागात मी नऊ वर्षे रोजंदारीवर चावीवाला म्हणून काम केले. दर सहा महिन्यांनी मस्टरवर आमच्या नावापुढे, सेवा सलग दिसू नये म्हणून, दोन दिवसांचा खंड दाखवला जाई; प्रत्यक्षात त्या दोन्ही दिवशी पहाटे चार वाजता चावी फिरवून वस्तीला पाणी आम्हीच सोडलेले असे. अखेर आम्ही अकरा जणांनी महाराष्ट्राच्या 1971 च्या अनुचित कामगार प्रथा प्रतिबंधक कायद्याखाली, ज्याला कामगार ‘पल्प’ म्हणतात, औद्योगिक न्यायालयात तक्रार दाखल केली.

कायद्याबद्दल मला मनापासून आदर आहे. कामगारांना वर्षानुवर्षे बदली किंवा हंगामी ठेवून कायमपणाच्या लाभांपासून वंचित ठेवणे ही अनुसूची चारमधील सहाव्या बाबीनुसार अनुचित प्रथा आहे, आणि ती मालक सरकारी संस्था असली तरी लागू होते. नियमित भरतीशिवाय लागलेल्या तात्पुरत्या कामगारांना कायम होण्याचा हक्क नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने उमादेवी खटल्यात म्हटले; त्या 2006 च्या निकालानंतर अशा तक्रारींना अर्थ उरला नाही, असे आम्हाला अधिकारी सांगत. परंतु सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये एसटी महामंडळाच्या सफाई कामगारांच्या प्रकरणात औद्योगिक न्यायालयाचा हा अधिकार कायम असल्याचे स्पष्ट केले. मात्र पदेच अस्तित्वात नसतील तर कायमपणा देता येत नाही, म्हणून मंजूर व रिक्त पदांची माहिती माहिती अधिकारात आधीच मिळवून ठेवावी.

या न्यायालयीन मार्गातील सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे अंतरिम आदेश. तक्रारीची नोटीस पोहोचताच मुकादमाने आमची हजेरी बंद केली होती. तिसऱ्या तारखेला न्यायालयाने निकालापर्यंत आम्हाला कामावरून कमी करू नये असा आदेश दिला आणि दुसऱ्या दिवशी मस्टरवर पुन्हा सही करता आली. घरात त्या दिवशी चूल पेटली ती त्या एका पानाच्या आदेशामुळे, हे मी विसरणार नाही.

वेगाबद्दल मात्र तीव्र नाराजी आहे. शक्यतो सहा महिन्यांत निर्णय द्यावा असे कायदा सांगतो. आम्हाला चार वर्षे लागली. प्रशासनाच्या वकिलांनी म्हणणे दाखल करायला मुदत मागितली, ती मिळाली, पुन्हा मागितली, पुन्हा मिळाली, आणि प्रत्येक तारखेला अकरा जणांची एकेक दिवसाची मजुरी बुडाली.

पुराव्याची अडचण त्याहून मोठी आहे, कारण सगळे कागद मालकाच्याच कपाटात असतात. जुनी मस्टरे पावसात भिजली, असे आम्हाला उत्तर मिळाले. आम्ही वाचलो ते पंपघरातील चावीच्या वहीमुळे : पाणी सोडल्याची वेळ, माझी सही आणि खाली कनिष्ठ अभियंत्याची सही, तीही नेमकी खंडाच्या तारखांना. तिच्या झेरॉक्स मी आधीच काढून ठेवल्या होत्या. उलटतपासणीत ती सही आपलीच असल्याचे साहेबांना मान्य करावे लागले.

ठेकेदारामार्फत लागलेल्यांनी थेट हा मार्ग धरू नये. पालिका हीच खरी मालक आहे की नाही याचा वाद असेल, तर 2001 च्या सिप्ला निकालानुसार ही तक्रार टिकत नाही. बडतर्फीची तक्रार असेल तर ती कामगार न्यायालयात करावी लागते आणि नव्वद दिवसांची मुदत पाळावी लागते.

निकाल आमच्या बाजूने लागला, पण प्रशासन उच्च न्यायालयात गेले आहे. अकरांपैकी दोघांचे वय दरम्यान साठीपलीकडे गेले; त्यांच्या निवृत्तिवेतनासाठी आम्ही लवकर सुनावणीचा अर्ज केला आहे.