फुकटातला ट्रेलो साइटवर किती टिकतो?

आधी निकाल सांगून टाकतो. बांधकामाची एकच साइट, दहाच्या आत माणसं आणि रोज सकाळी पाच मिनिटं बोर्ड बघणारा एक जण असेल, तर ट्रेलो या कामं बोर्डावर मांडायच्या अ‍ॅपची फुकट आवृत्ती बिनधास्त वापरा. पैसे भरायची गरज नाही. मात्र तारखांची साखळी जुळवायचं काम तिच्यावर सोडू नका, तिला ते जमत नाही. आणि व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप बंद करायच्या भानगडीत तर पडूच नका.

परीक्षणासाठी काम धरलंय ते आपल्याकडचं नेहमीचं: लातूरकडच्या एखाद्या शेतकरी उत्पादक कंपनीचं सोयाबीन क्लिनिंग-ग्रेडिंग युनिट. पत्र्याचं शेड, काँक्रीटची फरशी, थ्री फेज कनेक्शन, मशीन. दोन संचालक, व्यवस्थापक, अभियंता, शेडचा ठेकेदार, मिस्त्री, इलेक्ट्रिशियन, मशीनवाला आणि हिशेबनीस मिळून नऊ माणसं. नऊ जणांत दोघा-दोघांच्या जोड्या होतात ३६. म्हणजे निरोप हरवायला ३६ जागा. दहावा माणूस आला की ४५. माणसं वाढवून काम पळत का नाही, याचं निम्मं उत्तर या आकड्यात आहे.

ट्रेलो २०११ मध्ये फॉग क्रीक या अमेरिकन कंपनीने काढलं, २०१७ मध्ये अ‍ॅटलासियनने विकत घेतलं. मूळ कल्पना टोयोटाच्या कारखान्यातल्या कानबानची: कामाची चिठ्ठी एका रकान्यातून पुढच्या रकान्यात सरकवायची. बोर्ड म्हणजे प्रकल्प, त्यावर उभ्या याद्या, यादीत कार्डं. कार्ड बोटाने ओढून पुढच्या यादीत टाकायचं. अ‍ॅपचे मेनू मराठीत नाहीत ही अडचण आहेच, पण कार्डावर देवनागरी व्यवस्थित चालते. ज्यांना टाइप करायचा कंटाळा येतो त्यांनी जीबोर्डचा (गूगलच्या कीबोर्डचा) माइक मराठीवर ठेवून बोलावं. रेंज गेली तरी मोबाइल अ‍ॅपमध्ये लिहिलेलं राहतं आणि रेंज आली की चढतं.

बोर्ड उघडल्यावर तयार मिळणाऱ्या तीन याद्या साइटला पुरत नाहीत. सहा करा: पुढचं, या आठवड्यात, चालू, अडकलं, तपासणी, झालं. यातली खरी कामाची ‘अडकलं’. ती नसली की अडकलेली कार्डं ‘चालू’मध्येच पडून राहतात आणि बोर्ड बघणाऱ्याला सगळं छान चाललंय असं वाटतं. कार्ड ‘अडकलं’मध्ये टाकताना कमेंटमध्ये कशासाठी अडकलं आणि कुणाकडे अडकलं, हे दोन्ही लिहायचं. नुसतं ‘पेंडिंग’ लिहिलं तर कार्ड तिथंच म्हातारं होतं. ‘चालू’ यादीच्या नावातच ‘जास्तीत जास्त ५’ असं लिहून ठेवा. सहावं कार्ड आत घ्यायचं तर आधीचं एक बाहेर काढावं लागेल. शेडचा ठेकेदार एकाच वेळी तीन साइटवर माणसं फिरवतो, हे या पाचाच्या मर्यादेने चौथ्या दिवशी उघडं पडतं.

आता एक कार्ड जवळून बघू, कारण ट्रेलो वापरून फसणारे बहुतेक इथेच फसतात. कार्डाचं नाव नुसतं ‘फाउंडेशन’ ठेवलं की ते महिनाभर ‘चालू’मध्ये राहणार. तुकडा असा पाडायचा की तो दोन ते पाच दिवसांत संपेल आणि संपला की नाही यावर वाद होणार नाही. ‘अँकर बोल्ट (कॉलम पायाला धरून ठेवणारे) बसवणे, कॉलम १ ते ६’ हे चांगलं कार्ड. त्यात ‘झालं म्हणजे काय’ हे चेकलिस्टमध्ये लिहायचं: टेम्प्लेट प्लेट बसवली, बोल्टांमधलं अंतर ड्रॉइंगशी टेपने जुळवलं, कॉलम ते कॉलम कर्ण दोन्ही बाजूंनी मोजले, बोल्टाचे आटे ग्रीस लावून गुंडाळले, फोटो टाकला. हे पाचही झाल्याशिवाय काँक्रीट ओतायचं कार्ड ‘चालू’मध्ये येणार नाही. बोल्ट थोडेसे जरी सरकले तरी कॉलमची बेसप्लेट बसत नाही. मग साइटवर गॅसकटरने भोकं मोठी करायचा उद्योग सुरू होतो, आणि तो करायला ठेकेदार तयार, अभियंता नाराज. पाच ओळींच्या चेकलिस्टने हे सगळं टळतं. फुकट आवृत्तीत चेकलिस्ट हव्या तेवढ्या करता येतात. फक्त तिच्या एकेका ओळीला वेगळा माणूस आणि वेगळी तारीख लावायची सोय पैसे भरल्यावरच मिळते. तशी गरज पडली तर त्या ओळीचं वेगळं कार्ड करा, काम भागतं.

कार्डावर नाव एकच टाका. ट्रेलो एका कार्डावर कितीही माणसं जोडू देतो, आणि लोक सगळ्यांना खूश ठेवायला चौघांना जोडतात. झाला बारभाईंचा कारभार. काम प्रत्यक्ष करणारे चार असू देत, पण ‘हे झालं का?’ असं ज्याला विचारायचं तो एकच. ज्याला विचारूनच पुढे जायचं आहे आणि ज्याला नुसतं कळवायचं आहे, त्यांची नावं वर्णनात लिहा. ज्याला बघत राहायचंय त्याने कार्डाचा ‘वॉच’ चालू करावा, सूचना जातात. तारीख लावल्यावर ट्रेलो मुदतीआधी आठवण पाठवतो, आणि मुदत उलटली की तारीख लाल होते.

एक खोट इथे नोंदवायला हवी. कार्डाच्या वर्णनात बदल केला की जुना मजकूर गेला, खालच्या नोंदीत तो दिसत नाही. त्यामुळे ठरलेल्या गोष्टी वर्णनात कधीच लिहू नका. ‘फरशी १५० मिमी ठरली, अभियंता आणि ठेकेदार दोघे हजर’ हे कमेंटमध्ये जावं. कमेंटला नाव आणि वेळ आपोआप लागते आणि नंतर बदलली तर तसं दिसतं. बिल काढायच्या वेळी जाडीवरून तोंड वाजलं की ही एक ओळ कामाला येते.

फुकटाच्या मर्यादा अशा: एका वर्कस्पेसमध्ये (बोर्डांच्या एका गटात) १० बोर्ड आणि १० सहभागी, एका फाइलला १० एमबी, आणि ऑटोमेशनच्या (बोर्डाने आपोआप करायच्या कामांच्या) महिन्याला २५० फेऱ्या. कार्डांना मर्यादा नाही. फोटो १० एमबीत सहज बसतात. स्लॅबचा चार मिनिटांचा व्हिडिओ बसत नाही, तो गूगल ड्राइव्हवर ठेवून कार्डात लिंक द्या. दहा सहभागींच्या मोजणीत पाहुणे सदस्य आणि अजून न स्वीकारलेली निमंत्रणंही धरली जातात, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. अकरावा आला की बोर्ड नुसते बघायचे होतात, त्यात काही लिहिता येत नाही. म्हणून प्रत्येक मिस्त्रीला आणि प्रत्येक संचालकाला बोर्डावर घ्यायचा हट्ट नको. मिस्त्री बोर्ड उघडणारच नाही, आणि त्याने उघडावा अशी गरजही नाही. त्याचं काम अभियंत्याने कार्डावर नोंदवायचं.

पैसे भरायचे तर स्टँडर्ड आवृत्ती वर्षाचा भरणा एकदम केल्यास माणशी महिन्याला ५ डॉलर आणि प्रीमियम १० डॉलर. कॅलेंडर आणि टाइमलाइन ही दृश्यं प्रीमियममध्ये आहेत. नऊ माणसांचे महिन्याला ९० डॉलर शेडच्या कामावर घालवण्यात काही अर्थ नाही, कारण टाइमलाइन पट्ट्या रंगवून दाखवते, पण एक पट्टी लांबली तर पुढच्या आपोआप सरकवत नाही. साइटला नेमकं तेच हवं असतं.

कार्ड ‘या आठवड्यात’मध्ये आहे एवढं बोर्ड सांगतो. हे तीन दिवस लांबलं तर मशीनची ट्रायल किती लांबेल, हे तो सांगत नाही. आपल्या युनिटचे दिवस, सुट्ट्या न धरता, साधारण असे मांडा: मुरूम लागेपर्यंत खोदाई ६, फुटिंग-पेडेस्टल (कॉलमचा पाया) आणि बोल्ट १२, त्या काँक्रीटला पाणी मारणं १४, उभारणी १०, पत्रा ८, फरशी ५, फरशीला पाणी १४, मशीन बसवणं ७, ट्रायल ३. एकूण ७९. १५ एप्रिलला खोदाई धरली तर २ जुलै. ही साखळी एक दिवस लांबली की शेवट एक दिवस लांबतो. काळ्या मातीत खोदलेले खड्डे पावसाने भरले की किती दिवस जातात हे सांगायला नको, म्हणून खोदाई मृगाच्या आधी आटोपायची.

शेजारून दुसरी साखळी चालते: महावितरणचा अर्ज, पाहणी, कोटेशन, भरणा, डीपी (ट्रान्सफॉर्मर), मीटर. तिला किती दिवस लागतील याचा अंदाज तीन आकड्यांत घ्या. सगळं सुरळीत झालं तर २०, नेहमीसारखं ३०, अडलं तर ७०. मधल्या आकड्याला चारपट वजन देऊन बेरजेला सहाने भागलं की येतात ३५. ही पर्ट नावाची अंदाज काढायची रीत, १९५८ पासून अमेरिकन नौदलाच्या पोलॅरिस क्षेपणास्त्राच्या कामात वापरलेली, पण डीपीलाही लागू पडते. वीज हवी ७६व्या दिवशी, ट्रायलच्या आधी. अर्ज पहिल्या दिवशी टाकला तर ४० दिवस हाताशी राहतात, आणि ७० दिवस लागले तरी धक्का बसत नाही. ‘पत्रा पडू दे, मग बघू’ म्हणून अर्ज ५०व्या दिवशी टाकला, तर ३५ दिवस धरूनही वीज येते ८५व्या दिवशी. युनिट ९ दिवस उशिरा. ७० लागले तर ४४ दिवस. ट्रेलोवर मात्र अर्जाचं कार्ड दोन्ही वेळेला सारखंच शांत दिसतं.

त्यावर उपाय म्हणजे गूगल शीट, तेही फुकट. सात रकाने: काम, आधीचं काम, दिवस, सुरुवात, शेवट, कुणाकडे, ट्रेलो कार्डाची लिंक. सुरुवातीचा रकाना हाताने भरायचा नाही, आधीच्या कामाच्या शेवटावरून सूत्राने काढायचा. सुट्ट्या धरायला ‘वर्कडे डॉट इंटल’ हे सूत्र वापरा, कारण त्यात आठवड्याची सुट्टी रविवारच धरावी असं बंधन नाही. तालुक्याच्या गावी मजुरांची सुट्टी आठवडी बाजाराची असते. सुट्ट्यांच्या वेगळ्या यादीत पोळा घाला, काम मार्गशीर्षापर्यंत गेलं तर वेळ अमावस्याही घाला; त्या दिवशी लातूर-धाराशिवकडे साइटवर कुणी सापडणार नाही, सगळे शेतात आंबील-भज्जीला. बीडकडच्या टोळ्या दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात, तेव्हा त्यापुढच्या कामांचे दिवस आधीच वाढवून धरा. पाणी मारायचे १४ दिवस मात्र साध्या कॅलेंडरने मोजायचे. काँक्रीटला बाजाराची सुट्टी नसते.

राहिला व्हॉट्सअ‍ॅप. गप्पा, फोटो, ‘ट्रक कुठपर्यंत आला’ हे तिथंच बरं. ट्रेलो तिथं हरतो, उघडायलाच वेळ लागतो. पण ‘सर, काम झालं’ या निरोपातून काहीच कळत नाही. संध्याकाळी सहाला एकाच जणाने एकाच साच्यातला निरोप टाकायचा:

‘आज: फुटिंग ७, ८, ९ काँक्रीट पूर्ण. माणसं १४. सिमेंट शिल्लक २२ गोणी. अडकलं: १६ मिमी सळई आली नाही, ठेकेदार भैय्यांकडे, उद्या १२ पर्यंत. उद्या: १० आणि ११ ची जाळी.’

यातली ‘अडकलं’ची ओळ जशीच्या तशी कार्डावर जाते. दोन मिनिटांची व्हॉइस नोट आली तर ऐकणाऱ्याने काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत, एवढं लिहून परत ग्रुपवर टाकायचं आणि बोलणाऱ्याकडून ‘हो’ घ्यायचं. निळ्या टिकेला होकार समजू नका. पाठवलेला मेसेज १५ मिनिटांत बदलता येतो, त्यामुळे सळईचा किंवा सिमेंटचा आकडा ग्रुपवरून वाचून लगेच ऑर्डर देऊ नये. आकडा कार्डावर आला की मगच फोन.

सकाळची बैठक साइटवर उभ्या-उभ्या, दहा मिनिटं. बोर्ड उजवीकडून डावीकडे वाचायचा: आधी ‘तपासणी’, मग ‘अडकलं’, मग ‘चालू’. डावीकडून सुरुवात केली की नव्या कामांवर बोलण्यात वेळ जातो आणि संपत आलेलं तसंच राहतं. वाद निघाला तर त्या दोघांनी मागे थांबावं, बाकीच्यांनी कामाला लागावं.

बोर्डाला अ‍ॅडमिन दोन ठेवा, त्यातला एक कंपनीचा व्यवस्थापक. बोर्ड अभियंत्याच्या खासगी ईमेलवर उघडला आणि तो मधेच दुसऱ्या साइटला गेला की किल्ली त्याच्याबरोबर जाते. काम संपल्यावर बोर्ड बंद करण्याआधी फोटो ड्राइव्हवर उतरवून घ्या. फुकट आवृत्तीतून बाहेर काढता येणारी जेसॉन फाइल हिशेबनिसाला वाचता येत नाही, एक्सेलमध्ये उघडणारी फाइल प्रीमियममध्येच मिळते. बिलाशी संबंधित दहा-पंधरा कार्डं प्रिंटच्या पर्यायाने पीडीएफ करून फाइलला लावून टाका.