फणसाचं पुस्तकांचं कपाट: दोन पावसाळ्यांनंतर

कपाट घरी आल्यावर पहिल्या महिन्यातच लिहिलं असतं तर नुसती वाहवा लिहिली असती. पण गोव्यात, आमच्या फोंड्यात, लाकडाविषयी काही बोलायचं तर जुलै बघून बोलावं. आता दोन जुलै बघून झाले.

ज्या मेस्तांनी, म्हणजे सुतारांनी, ते केलं त्यांचं नाव देणार नाही. खाली त्यांच्याविषयीच्या तक्रारीही येणार आहेत. शिवाय त्यांच्याकडे पुढच्या चवथीपर्यंतचं (गणेशचतुर्थीपर्यंतचं) काम हातात आहे, म्हणजे नाव कळून तुमचाही काही उपयोग नाही. बोरीच्या वाटेवर त्यांची शेड आहे, एवढं पुरे.

याआधी आमच्याकडे विकतचं, जोडून उभं करायचं कपाट होतं. भुसा दाबून केलेला बोर्ड, वर लाकडाचा फोटो चिकटवलेला. दुसऱ्या पावसात त्याच्या कडा पापडासारख्या फुगल्या आणि तीन फुटांची फळी मध्ये बोटभर खाली आली. शाळेतली चौतीस वर्षं आणि त्यात साठलेली पुस्तकं त्याला कशी पेलणार? अर्धी पुस्तकं खोक्यांत गेली, खोकी पलंगाखाली गेली, आणि हवं ते पुस्तक कायम सर्वांत खालच्या खोक्यात.

मे 2021 मध्ये तौक्ते चक्रीवादळ आलं तेव्हा सत्तरी तालुक्यातल्या आमच्या जुन्या घरामागचा फणस मुळासकट आडवा झाला. एरवी झाड तोडायचं म्हटलं तर 1984 च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली परवानगी मागत फिरावं लागलं असतं. आमचं काम वाऱ्याने केलं. सासूबाईंनी लावलेलं झाड. जळाऊ म्हणून द्यायला कुणाचं मन होईना. पाऊस सरल्यावर सॉ मिलमध्ये दीड इंची फळ्या काढून घेतल्या आणि दोन फळ्यांच्या मध्ये पट्ट्या घालून पडवीत रचून ठेवल्या. वर्षभराने, पुढच्या नोव्हेंबरात, मेस्तांना बोलावलं.

मला वाटलं होतं, येतील, टेप काढतील, भिंत मोजतील. मेस्त खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "पयलीं पुस्तकां दाखयात."

खोकी ओढून काढली. त्यांनी आणि त्यांच्या पुतण्याने (हा माझा आठवीचा विद्यार्थी, शुद्धलेखनात कायम काठावर पास) पुस्तकांचे उंचीप्रमाणे जमिनीवर चार ढीग केले. लहान आकाराच्या कादंबऱ्या आणि कवितासंग्रह एकीकडे, साडेआठ इंचांची नेहमीची पुस्तकं दुसरीकडे. हा ढीग सर्वांत मोठा. तिसरा दिवाळी अंकांचा, चौथा कोशांच्या खंडांचा. मग प्रत्येक ढिगाला फूटपट्टी लावली. भिंत मोजली ती सर्वांत शेवटी, जाता जाता.

त्या चार ढिगांतून कप्प्यांची उंची ठरली. खाली 14 इंच, त्यावर 12, मग साडेदहाचे तीन आणि सर्वांत वर साडेनऊ. चार इंची पायथा आणि फळ्यांची जाडी धरून एकूण साडेसहा फूट. मला आठ फूट हवं होतं, कारण भिंत तेवढी आहे. "वयल्या फळयेचीं पुस्तकां तुमी वाचपाच्यो ना," ते म्हणाले. मी जरा दुखावले. पण माझी उंची पाच फूट एक इंच, आणि गुडघे कसे आहेत ते मलाच ठाऊक. मान्य केलं.

दुसरं भांडण रुंदीचं. अकरा फुटांत मला तीन ऐसपैस खण हवे होते, म्हणजे प्रत्येकी साडेतीन फुटांची फळी. त्यांनी पाच खण सांगितले, पंचवीस इंचांचे. इतकी उभी लाकडं मध्ये आली की कपाट तुरुंगासारखं दिसेल, असं माझं म्हणणं. इथे आमचे हे मध्ये पडले; सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेला माणूस, तुळई म्हटलं की गप्प बसवत नाही. वहीच्या पाठीवर आकडे मांडून दाखवले: फळीवर सगळीकडे सारखं वजन असेल तर तिचा झोक लांबीच्या चौथ्या घाताने वाढतो. पंचवीस इंचांची फळी जितकी वाकेल त्याच्या जवळजवळ आठपट बेचाळीस इंचांची वाकेल. मेस्तांनी तो हिशेब बघितलाही नाही. त्यांचं माप वेगळं होतं: माणूस हात पसरून जेवढी पुस्तकं एकदम उचलू शकतो, त्याहून लांब फळी करायची नाही. दोघांचं उत्तर एकच आलं. नंतर मी एका फळीवरची पुस्तकं वजनकाट्यावर ठेवून पाहिली, 16 किलो भरली. अशा तीस फळ्या. पाच क्विंटलच्या आसपास ओझं आज त्या भिंतीपाशी उभं आहे आणि एकाही फळीखाली दोरी धरली तर फट दिसत नाही.

एवढं ठरल्यावर फळ्या पाहायला सत्तरीत गेलो. मेस्तांनी दोन-तीन फळ्यांवर बोटाच्या पेराने टकटक केलं आणि मान हलवली. "लांकूड अजून ओलें आसा, बाई."

तेरा महिने झाले होते. इंचाला एक वर्ष, असा ढोबळ हिशेब असतो. आमच्या फळ्या दीड इंची, आणि मध्ये पावसाळा अख्खा. त्यांनी एका फळीचं टोक वीतभर कापून माझ्या हातात दिलं आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर दर रविवारी वजन करायला सांगितलं. वजन उतरायचं थांबेल तेव्हा फोन करा. मी कालनिर्णयवर लिहीत गेले. 612 ग्रॅमपासून सुरुवात झाली. डिसेंबरात भराभर उतरलं, मग हळूहळू, आणि शिगम्याच्या सुमारास 540 वर येऊन तीन रविवार तिथेच बसलं. मी फोन केला. आयुष्यात इतक्या उत्सुकतेने मी स्वतःचंही वजन केलेलं नाही.

फळ्या शेडवर गेल्या तेव्हा एक वाईट वाटायची गोष्ट झाली. फणसाचा गाभा पिवळा असतो, त्याला वाळवी सहसा तोंड लावत नाही. पण सालीलगतचा भाग पांढरट, आणि भुंग्याला तोच आवडतो. मेस्तांनी तो सगळा काढून टाकला. माझ्या अंदाजाने चौथा हिस्सा लाकूड गेलं. मी म्हटलं, मागच्या बाजूला तरी वापरा, कोण बघतंय? ते म्हणाले, भुंगो पळयता. भुंगा बघतो! पायथ्याला आणि पाठीच्या पट्ट्यांना लाकूड कमी पडलं, तिथे मट्टीचं लाकूड विकत आणलं. आपल्या गोव्याचा राज्यवृक्ष, वजनदार.

काम एप्रिलमध्ये सुरू झालं आणि जूनपूर्वी देतो असा शब्द होता. जून आला. फळ्या रंधून झाल्या होत्या, उभ्या लाकडांत खाचा पाडून झाल्या होत्या, पण पाऊस धरला आणि मेस्तांनी हात आखडता घेतला. मग श्रावण. शेडवर गेले तर करवतीच्या जागी चिकणमातीचा ढीग. गोव्यात बऱ्याच मेस्तांच्या घरी लाकडाबरोबर गणपतीचंही काम चालतं, आणि यांच्याही शेडची चित्रशाळा झाली होती. माझं कपाट कोपऱ्यात आडवं पडलेलं, वर प्लास्टिक, प्लास्टिकवर ओळीने बसलेले बिनरंगाचे सोळा गणपती. काय बोलणार? देवाला उठा म्हणायचं? "आतां चवथ जातकच," पुतण्या म्हणाला.

चवथ झाली, दसरा झाला, दिवाळी झाली, आणि नोव्हेंबरात कपाट आलं. पाच महिने उशीर. ही तक्रार मी त्यांच्या तोंडावर केली आहे, इथेही करते. पावसाळ्यात जोडकाम करायचं नाही हे पटतं, पण मग जूनचा शब्द द्यायचा नव्हता.

बसवण्याचं काम दोन दिवसांचं. कपाट बाहेरच्या भिंतीला लावलं नाही, कारण चिऱ्याची भिंत पावसाचं पाणी पिते. आतल्या भिंतीलाही दोन इंच सोडून उभं केलं, आणि पाठीला प्लायवूड ठोकण्याऐवजी फटी ठेवून पट्ट्या मारल्या, वारा खेळावा म्हणून. पायथ्याखाली ग्रॅनाइटची पट्टी, म्हणजे लादी पुसताना पाणी लाकडाला लागत नाही. पायथ्याच्या तळाला आणि मागून काजूच्या टरफलाचं काळं तेल. वाळवीवर हे जुनं औषध आहे. हाताला लागलं तर कातडी सोलवटते आणि वास पंधरा दिवस जात नाही. त्या पंधरा दिवसांत आमच्याकडे कुणी पाहुणा आला नाही, हे बरंच झालं.

फळ्यांना खिळा नाही. उभ्या लाकडातल्या खाचेत फळी सरकवली आहे आणि पुढून एक पट्टी. लाकूड ओल पिऊन रुंदीत वाढतं, लांबीत जवळपास नाही. म्हणून रुंदीकडे मागे जागा सोडली आहे. हे मला तेव्हा कळलं नव्हतं. जुलैत मागून हात घालून बघितलं तेव्हा कळलं, कारण फट बुजली होती.

आणि तोच जुलै दारांना नडला. मला सगळ्या कपाटाला काचेची दारं हवी होती, धुळीसाठी. मेस्त म्हणाले, बंद कपाटात पावसाळ्यात पुस्तकांना बुरशी येते. तडजोड म्हणून मधल्या तीन खणांना सहा दारं केली, वर-खाली बोटभर फट ठेवून. ती फट ठेवली म्हणून पुस्तकांना ना बुरशी लागली ना कसर. पण दोन दारांच्या मध्ये जो एक सूत (इंचाचा आठवा भाग) मोकळा ठेवायचा तो एका जोडीत अर्धाच राहिला असावा. पहिल्या पावसाळ्यात ती दोन दारं अशी घट्ट बसली की माझा मराठी शब्दकोश काचेआड दिसतोय आणि हाती लागत नाही. सहा आठवडे! शुद्धलेखनावरून नातीशी वाद झाला तर आम्ही दोघी काचेला नाक लावून उभ्या.

फोन केला. मेस्त आले, दार हलवून पाहिलं आणि रंधा पिशवीतून काढलाच नाही. "पावस सरूंदी, मागीर पळोवया." आत्ता तासलं तर उन्हाळ्यात बोट जाईल एवढी फट पडेल, हे त्यांचं म्हणणं. खरं होतं. नोव्हेंबरात दारं आपोआप सुटली, डिसेंबरात येऊन त्यांनी कागदाइतकं तासलं, त्याचे पैसे घेतले नाहीत. यंदाच्या पावसात दारं अडली नाहीत, जरा कुरकुरली.

रंगाच्या बाबतीत मी हरले ते बरं झालं. मला काळपट शिसवी रंग चढवून हवा होता, जुन्या घरांतल्या फर्निचरसारखा. त्यांनी चपडा, म्हणजे लाख, स्पिरिटमध्ये विरघळवून नुसतं पॉलिश केलं. पहिल्या दिवशी कपाट हळदीसारखं पिवळंधमक! माझा जीव खाली गेला. आता ते भाजलेल्या काजूच्या रंगावर आलंय आणि अजून गडद होतंय. पुस्तक काढलं की त्यामागचं लाकूड मात्र अजून फिकं दिसतं, उजेड लागला नाही म्हणून. चपड्याची एक खोड सांगून ठेवते: गरम कप ठेवू नका. उघड्या खणात एकदा पुस्तक शोधताना मी चहा टेकवला, त्याचं पांढरं वर्तुळ अजून आहे.

आणखी एक चूक, दोघांची मिळून. विजेचा प्लग कपाटामागे गेला. माझ्या लक्षात आलं नाही, त्यांनी विचारलं नाही. आता दिव्याची वायर दुसऱ्या खोलीतून येते.

पैसे: मजुरी 64,000, काचा 9,500, बिजागऱ्या, पॉलिश, मट्टी वगैरे 14,000. सॉ मिल आणि वाहतूक मिळून 11,000. म्हणजे लाखाला दीड हजार कमी, आणि तेही फणस घरचा असताना. लाकूड विकत घेऊन हेच करायचं तर खर्च बराच वर जाईल. ज्यांना घाई आहे त्यांनी चांगल्या प्लायचं करावं, त्यात लाज नाही. फक्त दुकानदाराला ओल सहन करणारा, 710 क्रमांकाचा आयएस शिक्का असलेला प्लाय मागावा आणि फळी दोन-अडीच फुटांच्या पुढे नेऊ नये. बिल पुतण्याने देवनागरीत लिहून दिलं. 'बिजागरी'त तीन चुका. लाल पेनाने दुरुस्त करून परत दिलं, पैसे पूर्ण दिले.

उरलेल्या एका तुकड्याचा मेस्तांनी न सांगता पाट करून आणला होता. पाट फणसाचाच असायचा, आमच्याकडे तशीच रीत. या चवथीला गणपती त्याच पाटावर बसवला. एका कोपऱ्याला थोडा डगमगतो, खाली पुठ्ठा दुमडून ठेवावा लागला. मेस्तांना फोनवर सांगितलं. बघतो म्हणाले, चवथ झाल्यावर.